दाखल नोंदवहीतले अक्षर

मॅट्रिकनंतर माझे शिक्षण सुटले. पुढचे जे काही शिकलो ते सीताबर्डीवरच्या एका वाचनालयात. तिथल्या ग्रंथपाल बाई मी मागितलेल्या कादंबरीबरोबर न मागितलेले इतिहासाचे एक पुस्तकही हातात ठेवत. परवा त्या वाचनालयाची जुनी स्मरणिका चाळली. देणगीदार, अध्यक्ष, उद्घाटक या सर्वांची नावे आहेत, बाईंचे नाही.

खरे तर हा व्यवसाय आरंभापासून स्त्रियांचा. १८८७ साली मेल्विल ड्यूईने न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालनाचा पहिला वर्ग काढला, तेव्हा वीसपैकी सतरा विद्यार्थी स्त्रिया होत्या. तरीही ग्रंथपाल स्त्रीचे चरित्र शोधू लागल्यावर मी थेट नेपाळात पोहोचलो, शांती मिश्र यांच्यापाशी.

नेपाळमधली राणाशाही १९५१ साली संपली. त्रिभुवन विद्यापीठ हे देशातले पहिले विद्यापीठ १९५९ साली निघाले. अमेरिकेत ग्रंथालयशास्त्र शिकून आलेल्या शांतीबाईंकडे १९६२च्या सुमारास त्याच्या केंद्रीय ग्रंथालयाची सूत्रे आली. त्याच सुमारास काठमांडूच्या लाल दरबारातला ग्रंथसंग्रह या ग्रंथालयात विलीन झाला. 'विलीन' हा शब्द कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पुस्तक हाताळायचे, दाखल नोंदवहीत चढवायचे, त्याला वर्गांक द्यायचा, तालिकापत्र लिहायचे, मग मांडणीवर जागा करायची. इतके झाले तरच पुस्तक वाचकाला सापडते, आणि एकदा सापडले की हे काम कोणी केले ते कोणी विचारत नाही. पुढे ग्रंथालय कीर्तिपूरला गेले. शांतीबाईंनी जवळपास तीन दशके ते सांभाळले.

त्यांचे नाव आपल्यापर्यंत आले, कारण त्यांनी स्वतःची हकीकत स्वतः लिहिली. 'व्हॉइस ऑफ ट्रुथ' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक. विद्यापीठ, पद, परदेशी शिक्षण हे सारे पाठीशी असूनही लेखणी त्यांनाच हाती घ्यावी लागली. आमच्या बाईंपाशी यातले काहीच नव्हते.

वाचनालयात आता संगणक आला आहे, आणि जुन्या नोंदवह्या रद्दीत काढायचे ठरत होते. त्या मी मागून घेतल्या. पानामागून पान बाईंचे तेच ठसठशीत अक्षर आहे. संस्थांचा इतिहास लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की स्मरणिकेआधी ही वही उघडा. तुमच्या गावच्या वाचनालयातही ती असेल. रद्दीवाला येण्याआधी पाहून घ्या.