मदत की भरपाई?

मदत आणि भरपाई हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. गारपिटीत बाग आडवी झालेल्या शेतकऱ्याला मात्र त्यांतला फरक पक्का ठाऊक असतो. मदत देणाऱ्याच्या मर्जीची, भरपाई घेणाऱ्याच्या हक्काची. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय राजकारणाचा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास मला तरी बराचसा याच दोन शब्दांमधल्या झगड्याचा वाटतो.

या झगड्याला तोंड फोडले ते वानुआतू या चिमुकल्या देशाने. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात विखुरलेली ही ऐंशीएक बेटे. १९८० पर्यंत तिथे इंग्रज आणि फ्रेंच यांचा संयुक्त अंमल होता. १९९१ मध्ये हवामानविषयक जागतिक कराराच्या वाटाघाटी चालू असताना, छोट्या बेटांच्या संघटनेच्या वतीने वानुआतूने एक प्रस्ताव ठेवला. समुद्राची पातळी वाढून ज्यांची भूमी बुडेल त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारावा आणि त्यात श्रीमंत देशांनी पैसे भरावेत. कोणी किती भरायचे, याचे गणितही मांडले होते. निम्मा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात, निम्मा हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात. अणुभट्टीतल्या अपघातांच्या भरपाईसाठी युरोपीय देशांनी १९६३ मध्ये केलेला करार नमुन्यादाखल समोर होता. म्हणजे मागणी भाबडी नव्हती.

पण १९९२ च्या करारात ‘विमा’ हा शब्द तेवढा उरला, निधी गळाला. तुम्ही म्हणाल, श्रीमंतांना एवढी भीती कशाची? भीती पैशांपेक्षा कबुलीची होती. एकदा भरपाई म्हणून पैसे दिले की दोष मान्य केल्यासारखे होते आणि मग दाव्यांना अंत राहत नाही.

पुढे २०१३ मध्ये वॉर्सा इथे ‘हानी आणि नुकसान’ या विषयासाठी एक यंत्रणा स्थापन झाली. त्याच सुमारास हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये सहा हजारांवर बळी घेतले होते. यंत्रणा आली, पण निधी नव्हता. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळाने वानुआतूची वाताहत केली. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के! त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिस करारात हानीला स्वतंत्र कलम मिळाले. मात्र सोबतच्या ठरावात लिहून ठेवले गेले, की या कलमाच्या आधारे कोणाला दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही.

२०२२ च्या महापुरात पाकिस्तानची हानी तीन हजार कोटी डॉलरच्या पुढे गेली. विकसनशील देशांच्या गटाचे नेतृत्व तेव्हा पाकिस्तानकडेच होते. त्या वर्षी इजिप्तमधल्या शर्म-अल-शेख परिषदेत अखेर निधीचा निर्णय झाला. २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला, आणि परिषद संपेपर्यंत आश्वासने मिळाली ती सत्तर कोटी डॉलरच्या आसपास. सगळ्या जगासाठी जमलेली ही रक्कम एकट्या पाकिस्तानच्या त्या एका पुरापुढे ठेवून पाहा. शंभर रुपयांच्या नुकसानीला अडीच रुपयेसुद्धा येत नाहीत. शिवाय देणे ऐच्छिक. निधी मिळाला, पण तो मदत म्हणून.

वानुआतूने मात्र दुसरे दार ठोठावले होते. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली मोहीम त्या सरकारने उचलून धरली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागितला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडल्यामुळे हानी झाली हे सिद्ध झाल्यास भरपाईही द्यावी लागू शकते.

हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. त्यातून उद्या कोणाच्या हातात पैसा पडेल, असे मी म्हणणार नाही. पण पॅरिसमध्ये दाराबाहेर ठेवलेला शब्द न्यायालयाच्या दप्तरात नोंदला गेला आहे. यापुढे वाटाघाटींना बसणाऱ्या गरीब देशाला केवळ हात पसरावा लागणार नाही. त्याला हिशेबही मागता येईल.