समाधी आणि शीतनिद्रा

मृगाचा पहिला पाऊस झाला की वेदगंगेच्या काठची शेते एका रात्रीत बेडकांच्या आवाजाने भरून जातात. उन्हाळाभर हा प्राणी जमिनीखाली निपचित पडून होता, हे गारगोटीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण बेडूक पडला थंड रक्ताचा. उष्ण रक्ताच्या सस्तन प्राण्याला जिवाची शेगडी अशी मंद करता येते काय? आणि त्याला येत असेल, तर माणसाला का येऊ नये? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आपल्या देशातून जातो.

१८३७ साली लाहोरास रणजितसिंहाच्या दरबारी हरिदास नावाच्या साधूने स्वतःला पुरून घेतले व चाळीस दिवसांनी तो जिवंत निघाला, अशी हकीकत सांगितली जाते. मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड ह्याने अशा हकीकती गोळा करून १८५० साली मानवी शीतनिद्रेवर पुस्तकच लिहिले. पण हकीकत म्हणजे मोजमाप नव्हे.

मोजमाप झाले ते शंभर वर्षांनंतर. १९६१ साली दिल्लीच्या आनंद, छिना व बलदेव सिंग ह्यांनी एका योग्यास हवाबंद पेटीत बसविले. त्याचा प्राणवायूचा खर्च नेहमीच्या विश्रांतीतील खर्चाहूनही खाली उतरला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास स्थापिलेल्या कैवल्यधामातील करंबेळकर, विनेकर व भोळे ह्यांनी हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. चमत्काराला तराजूत घालण्याचे धाडस ह्या मंडळींनी केले, हे त्यांचे ऋण होय.

तथापि ही बचत आणि खरी शीतनिद्रा ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. अलास्कातील खारीच्या शरीराचे तापमान शीतनिद्रेत शून्याखाली २.९ अंशांपर्यंत उतरते, असे १९८९ साली बार्न्स ह्यांनी दाखविले. हे घडते कसे? शरीराचे मुख्य जळण साखर. साखरेला पेशीच्या भट्टीत सोडणारे एक विकर आहे. शीतनिद्रेच्या काळात दुसरे एक विकर वाढते व पहिल्यावर फॉस्फेटचे कुलूप घालते. हे १९९८ साली खारीच्या हृदयात दिसून आले. साखर शिलकीत राहते आणि प्राणी साठविलेल्या मेदावर जगतो.

मग पुन्हा ऊब कोठून येते? १५५१ साली गेस्नरने मारमॉटच्या अंगात एक विचित्र पदार्थ पाहिला होता, धड मांस नव्हे, धड चरबी नव्हे. हा तपकिरी मेद जागे होताना उष्णता देतो, हे १९६०च्या सुमारास कळले. पुढे १९७०नंतरच्या दशकात त्यातील प्रथिन सापडले. ते पेशीतील ऊर्जा साठवू न देता सरळ उष्णतेत उधळते.

ह्या ज्ञानाचा रोग्याला उपयोग काय? टोरांटोचे शल्यवैद्य बिगेलो ह्यांनी थंड केलेल्या शरीरावर हृदयाची शस्त्रक्रिया सुचविली, आणि १९५२ साली मिनेसोटात ल्युइस ह्यांनी ती यशस्वी केली. निद्रेचे संप्रेरक मिळावे म्हणून बिगेलो मारमॉटांच्या मागे वर्षानुवर्षे लागले. एक द्रव्य हाती आलेही. पण ते निघाले प्रयोगाच्या प्लॅस्टिक नळीतून झिरपलेले!

शोध थांबला नाही. आपली चहा-कॉफी मेंदूतील ॲडिनोसिन ह्या द्रव्याला अडविते, म्हणून आपण जागे राहतो. २०११ साली अलास्कात ॲडिनोसिनसारखे काम करणारे औषध खारींना दिले. भर हिवाळ्यात त्यांना शीतनिद्रा लागली; उन्हाळ्यात लागली नाही. किल्ली तीच, पण कुलूप आधी तयार व्हावे लागते. खारीचे शरीर ती तयारी महिनोगणती करीत असते. माणसाच्या शरीराला ती शिकविता आली, तर अर्धांगवायूचा झटका आलेल्या रोग्याच्या मेंदूला वैद्य येईपर्यंत तग धरता येईल. साधूच्या खड्ड्यापाशी सुरू झालेला प्रश्न आज रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचला आहे.