कागदावरचा ठोका

निपाणीस राहणारा आमचा भाचा गेल्या दिवाळीत बेळगावास आमच्याकडे आला, तो चार जाड तारांची विजेची गिटार खांद्यास लावूनच. हिला बास गिटार म्हणतात. तिच्या अंगठ्याने मारावयाच्या ‘स्लॅप’ नामक वादनपद्धतीचा तो एका कागदावरून अभ्यास करीत होता. कागदावर चार आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. रेघ म्हणजे तार. आकडा म्हणजे त्या तारेवर कितवा पडदा दाबावयाचा तो. शून्य म्हणजे तार मोकळी. आकडे सर्व बरोबर वाजत होते. परंतु ऐकणाऱ्यास त्यात गाणे काही सापडत नव्हते. शेवटी तो आम्हांसच विचारू लागला, “मामा, कागदाप्रमाणेच वाजवतोय ना मी? मग चुकतंय कुठं?”

प्रश्न साधा होता, पण आमच्यासारख्या वकिली पेशाच्या माणसास तो फार जवळचा वाटला. लेखी दस्तऐवज किती बोलतो आणि कोठे मुका होतो, याच वादावर आमचा उदरनिर्वाह चालतो.

आकड्यांनी वाद्य शिकविण्याची ही युक्ती, जिला टॅब्लेचर म्हणतात, अलीकडची नव्हे. इ. स. १५०७ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुची या मुद्रकाने ल्यूट या तंतुवाद्यासाठी अशीच पुस्तके छापली. त्यांतही सहा तारांच्या सहा रेघा आणि पडद्यांचे आकडे होते. मात्र वरच्या बाजूस प्रत्येक आघाताचा काळ दाखविणाऱ्या खुणाही होत्या. आज हातोहात फिरणाऱ्या पुष्कळ कागदांतून या काळाच्या खुणा गळून पडल्या आहेत. बोट कोठे ठेवावे हे कागद सांगतो. केव्हा आणि कसे मारावे, हे सांगत नाही.

आणि स्लॅपचे सर्वस्व तर त्या ‘कसे’मध्येच आहे. लॅरी ग्रॅहॅम हा अमेरिकन वादक १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आपल्या आईच्या साथीस वाजवीत असे. साथीस ड्रमवाला उरला नाही, तेव्हा ती उणीव भरून काढण्यासाठी त्याने अंगठ्याने जाड तार ठोकावयास आणि बोटाने बारीक तार उचलून सोडावयास आरंभ केला. अंगठा हा मोठ्या ढोलाच्या जागी, उचललेली तार लहान ढोलाच्या जागी. मनगट किल्ली फिरवल्यासारखे फिरते. अंगठ्याच्या सांध्याचे हाड तारेवर आपटून तत्क्षणी मागे येते. तार पडद्यांवर आदळून खणखणते. कागदावर हा सारा व्यवहार ‘टी’ आणि ‘पी’ अशा दोन अक्षरांत आटोपतो. दाबून मुकी केलेली तार वाजवावयाची असेल तर तेथे फुली असते. अर्थात् हे वादन तंतुवाद्यावरचे असले तरी त्याचा जीव तालवाद्याचा आहे.

येथे आम्हांस आपल्या तबल्याची आठवण झाली. ‘ना’ म्हटले की उजव्या तर्जनीने चाटेवर. ‘घे’ म्हटले की डाव्या हाताने डग्ग्यावर. सतारीचे ‘दा’ आणि ‘रा’ हीदेखील नखीच्या उलटसुलट आघातांचीच नावे होत. म्हणजे आपल्याकडेही आघाताची लिपी होती. फक्त ती कागदावर नव्हे, तोंडात होती. आधी बोल पढावयाचा, मग हात उचलावयाचा, हा शिरस्ता. बेळगाव-निपाणीच्या टापूत दुकानाच्या पाटीवरील लिपीवरून भांडणे होतात. पण कानडी घरातले पोर आणि मराठी घरातले पोर ‘तिरकिट’ एकाच तोंडाने म्हणते.

तोंडातली विद्या कागदावर आणण्याची खटपट ज्या दोघांनी केली, त्यांपैकी एक आमच्याच शेजारचे आणि दुसरे आमच्याच धंद्यातले, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. बालपणी दारूकामाच्या अपघाताने ज्यांची दृष्टी अधू झाली, त्यांनीच पुढे डोळ्यांनी वाचावयाची स्वरलिपी सिद्ध केली आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे कायद्याचे पदवीधर. वकिली सोडून ते गवयांच्या दारोदार फिरले आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत शेकडो चिजा छापून गेले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेस फुली, खालीस शून्य, ही त्यांची चिन्हे आज लहान मुलेही वाचतात. कित्येक घराण्यांनी वंशाबाहेर जाऊ न दिलेले धन या पुस्तकांमुळे कोणाही कारकुनाच्या मुलास उपलब्ध झाले. कागदाचे हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

गोव्याची वाट निराळी. तेथील चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन शिकविले जाई. त्या शिदोरीवर ॲन्थनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे कोंकणी घरांतले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाचे लेखन करू शकले. कागद वाचता येणे ही तेथे भाकरी होती.

तथापि उलट बाजूचा साक्षीदारही बेळगावजवळचाच आहे. सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, बालवयात ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून थोरामोठ्यांचे गाणे हुबेहूब गात. कागद नाही, गुरू नाही, केवळ कान. पण तेवढ्यावर थांबता आले नाही. पुढे मुंबईस पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांच्याजवळ रीतसर शिकावे लागले.

१८७२च्या पुरावा कायद्यात एक तत्त्व होते आणि २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. करार लेखी झाला, की त्याच्या अटी शाबीत करण्यास सामान्यतः तो लेखच दाखवावा लागतो. तोंडी पुरावा चालत नाही. संगीताच्या न्यायालयात मात्र लेखी आणि तोंडी या दोन्ही पुराव्यांवाचून दावा सिद्ध होत नाही. भातखंड्यांनी वकिली सोडली ती बहुधा शहाणपणाने!

आम्ही भाच्यास गिटार खाली ठेवावयास सांगितले. अंगठ्यास ‘धुम्’, उचललेल्या तारेस ‘टक्’, मुक्या तारेस ‘क’, अशी नावे ठरविली. त्याच्या एका आवर्तनात चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा मात्रा होत्या. आपल्या तीनतालाच्याही सोळाच. हातावर टाळी-खाली धरून त्याने ती ओळ तासभर पढली. प्रथम त्यास हसू आले. मग जेथे आकडाच नाही अशा रिकाम्या मात्रा त्यास दिसू लागल्या. इतके दिवस त्या तो गिळीत होता.

दिवाळी सरली आणि तो निपाणीस परतला. त्याचा अंगठा अजून दोनदा बरोबर पडतो आणि तिसऱ्यांदा चुकतो, असे बहीण कळविते. परंतु कागद समोर ठेवून तो आधी तोंडाने म्हणतो आणि मगच तारेस हात लावतो, असेही ती कळविते.