मांजराची सर्दी, नागिणीचं कूळ

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. भिवंडीत आमच्या घरामागे यंत्रमागाचा कारखाना होता. तिथे सुताच्या पोत्यांमागे एक मांजर व्यायली. उंदीर सूत कुरतडतात, म्हणून कारखान्यात मांजराला कुणी हाकलत नसे. महिन्याभरात तिन्ही पिल्लं शिंकू लागली. एकाचे डोळे चिपडांनी असे चिकटले, की उघडेचनात. ते पिल्लू मी घरी आणलं आणि नेमके त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचे डोळे आले. दादी म्हणाली, ''बेटा, ही बला आधी घराबाहेर ने.'' पिशवीत घालून मी ते कामवारी नदीपलीकडे सोडून आलो.

त्या पिल्लाला नेमकं काय झालं होतं, हे आता सांगता येणार नाही. मांजराच्या सर्दीची कारणं अनेक असतात. पण त्यातलं एक फार मोठं कारण म्हणजे मांजराचा हर्पिस विषाणू. तो विज्ञानाला कसा सापडला, त्याची हकिगत मी बऱ्याच वर्षांनी वाचली आणि ते पिल्लू पुन्हा आठवलं.

आपल्याकडे जनावरांच्या वैद्यकाचं शिक्षण तसं जुनं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. मात्र त्या काळी सरकारला काळजी होती ती घोड्यांची आणि गाई-बैलांची. मांजराकडे शास्त्राचं लक्ष गेलं ते प्लेगमुळे. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी ज्या वस्त्यांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं मत १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. म्हणजे मांजराची किंमत उंदरांवरून! खुद्द मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे पुढे कळलं. तिच्या स्वतःच्या सर्दी-पडशामागचा हा विषाणू हाती लागायला मात्र आणखी पन्नास वर्षं जावी लागली.

त्याला एक कारणही होतं. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, त्यामुळे तो वेगळा काढणं मोठं अवघड काम. १९४९ साली अमेरिकेत एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीतल्या पेशींवर वाढवून दाखवला आणि वाट मोकळी झाली. त्याच वाटेनं क्रँडेल आणि मॉरर या दोन अमेरिकन संशोधकांनी आजारी पिल्लांमधला विषाणू मांजराच्याच मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला. १९५८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

हा विषाणू निघाला हर्पिसच्या कुळातला. हे कूळ आपल्याला अनोळखी नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच माणसाला कमरेवर नागीण उठते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. पण तिला नागीण म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट अचूक हेरली होती, असं मला वाटतं. ती बिळात बसून राहते. कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जातच नाही, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये लपून राहतो.

मांजरातही तसंच घडतं का, याचा शोध इंग्लंडमध्ये रोझलिंड गॅस्केल आणि पोव्ही यांनी घेतला. बऱ्या झालेल्या, अगदी ठणठणीत दिसणाऱ्या मांजरांना त्यांनी कॉर्टिकोस्टेरॉइड हे औषध दिलं. काही दिवसांतच त्यातल्या बऱ्याच मांजरांच्या नाका-तोंडातून विषाणू पुन्हा बाहेर पडू लागला. काही मांजरांना औषधही लागलं नाही, नुसती जागा बदलणं पुरलं. पिल्लांना पाजण्याचा ताणही काही माद्यांना पुरला. हे निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८५ साली गॅस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूची लपण्याची जागाही दाखवली. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूच्या गाठीत तो दडून बसतो.

हे वाचताना मला कारखान्यातली ती मांजर दिसली. ती स्वतः धडधाकट होती. पिल्लांना रोग कुणी बाहेरून आणून दिला असेलच असं नाही. चाटता-चाटता आईनंच दिला असेल, तिचा काहीच दोष नसताना. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण काही आठवड्यांत ओसरतं आणि पिल्लं नेमकी तेव्हाच सापडतात. आणि मुख्य म्हणजे मांजराचा हा विषाणू माणसाला होत नाही. पिल्लाला हाच रोग असेल, तर बहिणीचे डोळे त्याच्यामुळे आले नव्हते.

उपायांची गोष्ट थोडी वाकडीतिकडी आहे. १९७० च्या दशकात लस आली. तिनं आजार सौम्य होतो, पण विषाणूचं ठाण मांडणं थांबत नाही. माणसांच्या हर्पिसवर गुणकारी ठरलेलं असायक्लोव्हिर मांजराला पोटातून दिलं तर गुण कमी, अपाय जास्त. पुढे फॅमसायक्लोव्हिरच्या गोळ्या उपयोगी पडल्या. मधल्या काळात लायसिन नावाच्या पुडीचा मोठा बोलबाला होता. आर्जिनिन मिळालं नाही की विषाणूची वाढ खुंटते आणि लायसिननं आर्जिनिन घटतं, असा हिशेब. पण आर्जिनिनवाचून खुद्द मांजरच जगत नाही! २०१५ साली बॉल आणि ब्युनिक यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून लायसिनचा उपयोग होत नाही, असं स्वच्छ लिहिलं. तरी पुडी अजून विकली जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतलं असंच चिकटल्या डोळ्यांचं एक पिल्लू मुलीनं घरात आणलं. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली फडताळात होती. माणसाच्या डोळ्याला चालते, तर मांजराच्याही चालेल, म्हणून मी झाकण उघडलंसुद्धा. मुलगी म्हणाली, ''अब्बा, आधी विचारू तरी.'' जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती बाजूला ठेवली. त्यात स्टेरॉइड होतं. गॅस्केलबाईंनी विषाणूला बिळातून बाहेर काढलं ते याच जातीच्या औषधानं. हर्पिसनं डोळ्यावर जखम झालेली असताना ते थेंब घातले, तर बुबुळ कायमचं जाऊ शकतं.

डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध दिलं. कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसायला सांगितले. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ती खात नाही, म्हणून मासे थोडे गरम करून द्यायला सांगितले. आणि पिल्लाची जागा सारखी बदलू नका, असंही बजावलं. मुलीनं जुन्या ट्रंकेमागे, मागांचा आवाज कमी येतो त्या कोपऱ्यात, खोकं ठेवलं. दहा-बारा दिवसांनी दोन्ही डोळे उघडले. डाव्यावर थोडी धुरकट खूण राहिली आहे. ईदला पाहुण्यांनी घर भरलं की नंतर आठवडाभर ती शिंकते, डावा डोळा पाणावतो, आणि मुलगी खोकं पुन्हा ट्रंकेमागे सरकवते.