घरच्या बिअरची पहिली बाटली
आपल्या वर्गातले आम्ही चौघे अमेरिकेत आहोत. गेल्या हिवाळ्यात एकाच्या गॅरेजमध्ये घरी केलेली पहिली बिअर बाटल्यांत भरली. (सर, रागावू नका, इथे कायद्याने चालते!) तशी ही मुभा फार जुनी नाही. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला परवानगी मिळाली, बिअर मात्र राहून गेली. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली, तेव्हा कुठे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमाफी मिळाली.

बाटलीत थोडी साखर घालून झाकण दाबायचे. उरलेले यीस्ट ती खाऊन वायू सोडते. साखर जास्त झाली की बाटली फुटते. आमच्या तीन फुटल्या. मोजमाप माझे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत मला तराजूला हात का लावू देत नसत, ते बाकीच्या तिघांना लगेच आठवले.