खोबणीचा इतिहास: स्वस्त लॅपटॉप आणि वाढीची मोकळी जागा

१/ स्वस्त लॅपटॉप घेणारा माणूस दुकानातच एक हिशेब मनाशी मांडत असतो. आज ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेले यंत्र घ्यावे. पुढेमागे हाती पैसा आला की रॅम वाढवावी, एसएसडी बसवावी. घर बांधताना पुढे माडी चढवता यावी म्हणून स्लॅबवर सळया मोकळ्या सोडतात, तसाच हा व्यवहार. तो शक्य झाला तो यंत्राच्या पोटातील जेमतेम अडीच-पावणेतीन इंचांच्या एका खोबणीमुळे. तिचा उदय, तिचे प्रमाणीकरण आणि तिची पीछेहाट यांचा हा धागा.

२/ आधी रॅम आणि साठवण यांतील नाते. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि फडताळ असते. हाताशी लागणारे सारे ओट्यावर, उरलेले फडताळात. ओटा लहान असेल तर परात ठेवायला डबा उचलावा लागतो आणि डबा काढायला परात. स्वयंपाक राहतो बाजूला, नुसती ने-आण चालते. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. ४ जीबीच्या यंत्रावर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या की नेमके हेच घडते.

३/ ही ने-आण यंत्राने आपोआप करावी, ही कल्पना इंग्लंडमधील मँचेस्टरची. तेथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात १६ हजार शब्दांची जलद स्मृती आणि ९६ हजार शब्दांचे संथ चुंबकीय पिंप होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र ती दोन्ही मिळून एकच विस्तीर्ण स्मृती भासे. आज तिला आभासी स्मृती म्हणतात. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी तिच्या दुखण्याचे विवेचन केले: ओटा फारच अपुरा पडला की यंत्राचा बहुतेक वेळ ने-आणीतच जातो आणि मूळ काम ठप्प होते.

४/ या दुखण्याला दोन उपाय: ओटा वाढवणे किंवा फडताळ जवळ आणणे. लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. जुन्या यंत्रात एसएसडी बसवताच ते 'नवे' वाटू लागते, यामागे एवढेच गणित आहे.

५/ आरंभी मात्र 'ग्राहकाने भाग बदलणे' ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या डिस्क-कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत. त्यावर ५० लाख अक्षरे मावत आणि कपाटाचे वजन सुमारे एक टन भरे. असे संगणक प्रामुख्याने भाड्याने दिले जात. यंत्र कंपनीचे, तंत्रज्ञ कंपनीचा. ग्राहकाने झाकण उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

६/ स्मृतीचे एकक तेव्हा डोळ्यांना दिसत असे. फेराइटची बारीक वलये तारांच्या जाळीत मण्यांसारखी ओवलेली असत; एका वलयात एक बिट. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या आणि १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती याच जातीची होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द. म्हणजे ८१,९२० बिट, आजच्या भाषेत अवघे १० केबी. आज अपुरी म्हणून बाजूला काढली जाणारी ४ जीबीची रॅमपट्टी त्याच्या चार लाखांहून अधिक पट मोठी असते.

७/ या वलय-स्मृतीच्या इतिहासात शांघायमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते आन वांग यांचे नाव अग्रभागी येते. १९४९ साली त्यांनी चुंबकीय वलयांविषयीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५६ साली ते पेटंट आयबीएमला ५ लाख डॉलरला विकले. त्यांनी स्थापन केलेल्या वांग लॅबोरेटरीज या कंपनीचे नाव लक्षात ठेवावे. पुढे २७ वर्षांनी ती याच कथेत पुन्हा येते.

८/ दरम्यान वलये गेली आणि सिलिकॉन आले. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली एका ट्रान्झिस्टरवर एक बिट ठेवणाऱ्या स्मृतीचे पेटंट मिळाले. तिच्यातील विद्युतभार झिरपत राहतो, म्हणून तो सतत नव्याने भरावा लागतो. तिच्या 'डीरॅम' या नावातील 'डी', म्हणजे डायनॅमिक, हे विशेषण त्यावरून आले. १९७० साली इंटेलने १,०२४ बिटांची ११०३ ही चिप विक्रीस आणली. स्मृती आता नखाएवढ्या तुकड्यात मावू लागली आणि मोजून, सुटी विकता येऊ लागली.

९/ १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने वैयक्तिक संगणक सादर केला, तेव्हा त्याच्या मूळ आवृत्तीत १६ केबी स्मृती होती. मुख्य पट्टावर मात्र आणखी चिपांसाठी रिकाम्या खोबण्या ठेवलेल्या होत्या. आठ चिपा माहितीसाठी आणि नववी चूक पकडण्यासाठी, अशा नऊ-नऊंच्या रांगेत त्या बसवत. कंपनीने यंत्राची विद्युत-रेखाचित्रे असलेली पुस्तिकाही विक्रीस ठेवली. आज थोडे घ्यावे आणि उद्या वाढवावे, हा मध्यमवर्गीय हिशेब संगणकाच्या रचनेतच असा मुरला.

१०/ काम मात्र नाजूक होते. प्रत्येक चिपेला सोळा पाय. एक वाकला की सारे फसले. शिवाय यंत्र तापून-निवून चिपा हळूहळू खोबणीतून वर सरकत, आणि मालक पेटी उघडून त्या अंगठ्याने पुन्हा दाबून बसवत. १९८३ साली यावर तोडगा निघाला, तोही वांग लॅबोरेटरीजमध्ये: नऊ चिपा एका छोट्या पट्टीवर पक्क्या जोडायच्या आणि सबंध पट्टीच खोबणीत बसवायची. हीच 'सिम'. मोबाइलमधल्या सिमकार्डाशी तिचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.

११/ पट्टी लोकप्रिय झाली आणि तिच्या हक्कांवरून खटले उभे राहिले. वांगने तोशिबा आणि एनईसी या जपानी कंपन्यांना न्यायालयात खेचले. लॅपटॉपमध्ये तर सुरुवातीला कंपनीगणिक रॅमचे कार्ड वेगळे असे आणि ते त्याच कंपनीकडून, तिच्या भावाने घ्यावे लागे. जेडेक या उद्योगसंस्थेने मापे ठरवून दिली आणि 'एसओ-डिम' ही आखूड पट्टी सर्वांची झाली. डीडीआर३ पिढीत तिची लांबी ६७.६ मिलिमीटर. डीडीआर३ ला २०४ संपर्कबिंदू, डीडीआर४ ला २६०. कडेवरची खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली. त्यामुळे चुकीच्या पिढीची पट्टी बसतच नाही. नवख्या हाताला सांभाळून घेणारी अशी योजना तंत्रज्ञानात विरळा.

१२/ साठवणीतही असेच झाले. १९८० साली ५.२५ इंची चौकटीतील पहिली ५ एमबीची हार्ड डिस्क आली. १९८८ साली प्रेअरीटेक या कंपनीने २.५ इंची डिस्क आणली. हे माप लॅपटॉपचे ठरले आणि २००३ च्या सुमारास साटा ही जोडणीही रुळली. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश स्मृती पुढे परवडू लागली, तेव्हा उत्पादकांनी ती त्याच मापाच्या डबीत भरली. भोवतालचे घर तेच राहिले, आतला रहिवासी बदलला. म्हणून फिरत्या डिस्कसाठी घडवलेल्या जुन्या लॅपटॉपात एसएसडी विनासायास बसते.

१३/ प्रमाणीकरणाने बाजार घडतो. १९९७ साली भारत जागतिक माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट ही सुट्या भागांची ठाणी. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा रस्ता आता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग आहे, तरी रॅम विचारायला माणसे अजून 'लॅमिंग्टन'लाच जातात. काउंटरवर पट्टीची पिढी आणि वेग सांगायचा. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हे सहसा सांगावेही लागत नाही.

१४/ 'पुढे वाढवू' या बेतात एक जोखीम नेहमीच होती. स्मृती जगातील मोजक्या कारखान्यांत बनते आणि तिचे भाव कांद्याच्या भावांसारखे उसळतात. १९८६ च्या अमेरिका-जपान सेमीकंडक्टर करारानंतर, १९८८ च्या सुमारास टंचाई झाली. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे चिपांच्या वेष्टनासाठी लागणारे राळ बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि जगभर रॅम महागली. तरीही खोबणी असलेल्याला थांबण्याचे स्वातंत्र्य होते. भाव उतरेपर्यंत आहे त्यावर भागवता येई.

१५/ २००७ साली आसूसचा सात इंची ईईई पीसी आला आणि 'नेटबुक' हा स्वस्त लॅपटॉपांचा वर्ग जन्मला. त्याच्या प्रसिद्ध आवृत्तीत ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी फ्लॅश साठवण होती; रॅम खोबणीत, साठवण पट्टालाच चिकटलेली. पुढे मायक्रोसॉफ्टने या वर्गासाठी विंडोज एक्सपी सवलतीत दिले, पण विक्रीच्या वेळी रॅम १ जीबीहून अधिक नसावी ही अट घालून. यंत्रांची रचना बहुधा २ जीबी पेलू शके. म्हणजे स्वस्त यंत्राची मर्यादा अनेकदा बाजाराच्या विभागणीतून आलेली होती. ग्राहकांनी ती एका स्क्रूड्रायव्हरने ओलांडली.

१६/ मग वारे फिरले. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये आणि २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम मुख्य पट्टाला डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, कायमची जोडलेली होती. याला तांत्रिक कारणे होती, हे मान्य करावे लागेल: खोबणी जाडी वाढवते, आणि कमी वीज खाणाऱ्या जलद रॅमला प्रोसेसरपासूनचे अंतर अगदी कमी लागते. महागड्या यंत्राच्या ग्राहकाने सडपातळपणासाठी हे स्वीकारले. तो निदान खरेदीच्या दिवशीच १६ जीबी मागू शकत होता.

१७/ हीच पद्धत स्वस्त यंत्रात उतरली, तेव्हा तिचा अर्थ बदलला. २०१४ पासून २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी साठवण असलेले लॅपटॉप विकले जाऊ लागले. ईएमएमसी ही मूळ मोबाइलची साठवण, डाख देऊन जोडलेली. ३२ जीबीतून विंडोज वजा जाता इतके थोडे उरे की मोठ्या अद्ययावतीकरणालाच जागा अपुरी पडे. सळया मोकळ्या सोडलेल्या घराऐवजी हे वरून बंद केलेले घर होते. जो कमी पैसे देऊ शकतो, त्यालाच पहिल्या दिवशी अचूक आणि अंतिम निर्णय घ्यायला लावणारे.

१८/ या निर्णयाची किंमत आता दिसते आहे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ च्या किमान अटींत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण आहे. प्रोसेसर आणि सुरक्षेच्या अटी त्याहून वेगळ्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. प्रोसेसर, पडदा आणि कळफलक धडधाकट असूनही ३२ जीबीचे यंत्र केवळ साठवणीच्या आकड्यावर अपात्र ठरते. त्याला लिनक्सचा आसरा उरतो किंवा भंगाराची वाट.

१९/ प्रश्न मग कायद्याच्या दारात गेला. अमेरिकेत १९७५ च्या हमीविषयक कायद्याच्या आधारे तेथील व्यापार आयोगाने २०१८ साली सहा कंपन्यांना समज दिली. हमी टिकवायची तर आमचेच भाग आणि आमचीच दुरुस्ती, अशी सक्ती सर्वसाधारणपणे बेकायदा आहे आणि 'स्टिकर फाटल्यास हमी रद्द' ही धमकी त्याच सदरात येते, असा त्याचा आशय होता. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्कासाठी' समिती नेमली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. ज्याने पैसे मोजले त्याला झाकण उघडता यावे, हा त्यामागचा विचार.

२०/ तंत्रज्ञानानेही उत्तर शोधले आहे. डेलमध्ये विकसित झालेल्या रचनेवरून जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये 'कॅम२' हे नवे प्रमाण प्रसिद्ध केले: पट्टावर सपाट बसणारा आणि स्क्रूने आवळायचा रॅमचा चौकोन. कमी विजेच्या जलद रॅमलाही तो चालतो. म्हणजे 'पातळ यंत्रात खोबणी अशक्य' हा युक्तिवाद पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही. मात्र ही सोय प्रथम महागड्या यंत्रांत आली.

२१/ दुसरीकडे, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रूशियल' हा सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा सुमारे तीन दशकांचा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटासेंटरांची मागणी हे त्याचे कारण. घरी बसून पट्टी बदलणाऱ्यासाठी खोबणी असणे जितके आवश्यक, तितकेच तिच्यात बसवायला बाजारात काही मिळणेही.

२२/ रॅमॅकच्या काळात यंत्र भाड्याचे होते आणि त्याची वाढ मालक-कंपनीच्या हाती होती. १९८१ नंतर काही दशके ती वापरणाऱ्याच्या हाती आली. डाख दिलेल्या स्वस्त लॅपटॉपात यंत्र ग्राहकाच्या मालकीचे, पण त्याची वाढ पुन्हा दुसऱ्याच्या हाती, अशी नवीच अवस्था निर्माण झाली आहे. म्हणून स्वस्त लॅपटॉप घेताना 'किती जीबी' याच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत: रॅमची खोबणी आहे का? एक रिकामी आहे का? साठवण बदलता येते का? आजचा ग्राहक गरीब असला, तरी उद्याही तो तसाच राहील असे गृहीत धरून त्याचे यंत्र कायमचे मिटवून टाकणे योग्य आहे का, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

(धागा समाप्त)