अक्षरांचा रंग कोण ठरवतो? पपायरसपासून संगणकापर्यंत

१/
इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास इजिप्तमधील एका लेखनिकाने वैद्यकशास्त्राची एक प्रदीर्घ गुंडाळी लिहिली. ती आज ‘एबर्स पपायरस’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील मजकूर काळ्या शाईत आहे. नव्या भागाचा आरंभ मात्र लाल शाईत. हा लाल रंग शोभेचा नव्हता. हवा तो उपचार चटकन सापडावा, यासाठी ती खूण होती.

२/
रोमन लोक तांबड्या मातीला ‘रुब्रिका’ म्हणत. पुढे युरोपातील हस्तलिखितांमध्ये लाल मथळ्यांना हेच नाव चिकटले. तेथे श्रमविभागणीही झाली: लेखनिक काळा मजकूर लिही आणि मथळ्यांसाठी जागा मोकळी सोडी, दुसरा कारागीर त्या जागा लाल शाईने भरी.

३/
महाराष्ट्रातील पोथ्यांनाही ही रीत परकी नव्हती. काजळाच्या काळ्या शाईत ग्रंथ आणि हिंगुळाच्या लाल शाईत दंड, श्लोकांक किंवा अध्यायाच्या शेवटची पुष्पिका, अशी रचना अनेक पोथ्यांत दिसते. चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासली जाई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच.

४/
खरी अडचण छपाईने निर्माण केली. इ. स. १४५५ च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गचे बायबल तयार झाले. आरंभीच्या काही पानांवर मथळे लाल रंगात छापण्याचा प्रयत्न झाला. पण त्यासाठी तोच कागद पुन्हा यंत्राखाली घालावा लागे. तो प्रयत्न लवकरच सोडण्यात आला आणि मथळ्यांच्या जागा हाताने भरण्यासाठी कोऱ्या ठेवण्यात आल्या.

५/
मग प्रत्येक प्रतीत तेच मथळे त्याच जागी कसे येणार? यासाठी एक स्वतंत्र तक्ताच छापण्यात आला. कोणता मथळा कोठे लिहायचा, हे त्यात क्रमाने दिले होते. म्युनिक आणि व्हिएन्ना येथे हा तक्ता आजही जतन केलेला आहे. नियम एके ठिकाणी आणि अंमल प्रत्येक पानावर, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

६/
१४ ऑगस्ट १४५७ रोजी फुस्ट आणि शोफर यांनी माइन्झ येथेच स्तोत्रग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मोठी आद्याक्षरे लाल व निळ्या रंगात छापलेली होती. तथापि हे काम कष्टाचे होते. त्या शतकातील कित्येक मुद्रित ग्रंथांत आद्याक्षरांच्या जागा कायमच्या कोऱ्याच राहिल्या. रंग देणारा हात तेथवर पोहोचलाच नाही.

७/
संगणकावरील शब्दसंस्करणात रंग देणे सोपे झाले. पण जुना प्रश्न परतला. ‘परिच्छेद शैली’ म्हणजे गुटेनबर्गच्या तक्त्याचेच दूरचे रूप. ‘शीर्षक’ या शैलीचा रंग एकदा बदलला की त्या शैलीतील सगळी शीर्षके बदलतात. मात्र एखादे शीर्षक निवडून त्याला हाताने रंग दिला, तर तो शैलीवर मात करतो. पुढे शैली बदलली तरी ते एकटे शीर्षक जुन्याच रंगात अडकून राहते.

८/
आणखी एक सूक्ष्म भेद आहे. ‘काळा’ आणि ‘स्वयंचलित’ हे दोन रंग पांढऱ्या पानावर सारखेच दिसतात. पार्श्वभूमी गडद झाली की स्वयंचलित अक्षरे पांढरी होतात. आग्रहाने काळी केलेली अक्षरे मात्र अंधारात बुडतात. पहिला रंग हा नियम आहे, दुसरा हट्ट.

९/
वेबवर हाच झगडा झाला. आरंभी ‘फॉन्ट’ या खुणेने प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग दिला जाई. संकेतस्थळाचे रूप पालटायचे तर पान न् पान दुरुस्त करावे लागे. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न येथे काम करणाऱ्या होकोन व्हियुम ली यांनी रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर १९९६ मध्ये त्यातून ‘सीएसएस’चे पहिले प्रमाण सिद्ध झाले.

१०/
पपायरसवरील लेखनिकाला हे आधीच उमगले होते: लाल रंग अक्षरांचा नसतो, त्यांच्या कामाचा असतो. मथळा लाल असतो, कारण तो मथळा आहे. हे कारण जेथे नोंदवले जाते, तेथे हजार पानेही एका आज्ञेने रंग बदलतात. जेथे केवळ रंग उरतो आणि कारण हरवते, तेथे प्रत्येक अक्षरापाशी पुन्हा नव्याने जावे लागते.